चढणीच्या माशांची गर्दी : खरंच परवडते का?



मृगाचा पाऊस झाला, मांजऱ्याला नवं पाणी आलं की दरवर्षी एकच चित्र दिसतं. बंधाऱ्याखाली माणसांची जत्रा भरते. सभासद असतात, सभासद नसलेले असतात, सुट्टीला आलेली पोरं असतात. एकाच्या जाळ्यात दुसऱ्याचं जाळं, गळाच्या दोऱ्यांचा गुंता, आणि वरून भांडण. चिंताकी, औराद, भालकी भागातले आपले लोकही रात्र जागून तिथं जातात. म्हणून आजच्या पाठाचा विषय हाच घेतला आहे : या गर्दीत जाऊन हातात काय पडतं?

मासे तिथंच का जमतात?

नवं पाणी थंड असतं, गढूळ असतं आणि त्याला ओढ असते. रोहू, कटला, मृगळ यांच्या पोटात या दिवसांत अंडी तयार असतात. ते प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात आणि काठाच्या उथळ, पसरलेल्या पाण्यात अंडी सोडतात. वाटेत बंधारा आला की मासा अडतो, वर जाता येत नाही म्हणून खालीच घुटमळतो. तिथं मासा "जास्त झाला" असं आपल्याला वाटतं. खरं तर लांबवरच्या पात्रातला मासा एका जागी गोळा झालेला असतो. तो संपला की मागे पात्र रिकामं.

अशी गर्दी फक्त आपल्याकडेच होते असं नाही. अमेरिकेत अलास्का राज्यात केनाई आणि रशियन नावाच्या नद्यांना साल्मन मासा समुद्रातून वर चढतो, तेव्हा तिथंही माणसं खांद्याला खांदा लावून गळ टाकतात. या गर्दीला तिथले लोक चेष्टेनं "लढाईची मासेमारी" म्हणतात. पण तिथं एका माणसानं दिवसाला किती मासे न्यायचे याला मर्यादा असते आणि वर किती मासा चढला याची मोजणी होते. आपल्याकडे गर्दी तेवढी आहे, मोजणी नाही.

हिशेब मांडून बघू

समजा चौघे मिळून रात्रभर थांबले आणि १६ किलो मासा मिळाला. त्या दिवशी सगळ्यांचाच माल बाजारात येतो, म्हणून एरवी १५० चा भाव १०० वर येतो. हातात १६०० रुपये आले. गाडीचं तेल ४००, बर्फ १५०, फाटलेल्या जाळ्याची दुरुस्ती ४५०. उरले ६००. माणशी १५० रुपये, तेही रात्रीची झोप घालवून.

आता पावसाळा सरल्यावर तलावावर दोघे गेले, ८ किलो मासा निघाला, भाव १५० मिळाला तर १२०० होतात. खर्च २०० धरा. माणशी ५०० पडतात. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकानं आपले घालून बघावेत. पण खर्च धरल्याशिवाय हिशेब करू नये.

न दिसणारा तोटा

रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे साधारण दोन लाख अंडी असतात. वरच्या १६ किलोत निम्म्या माद्या धरल्या तर ८ किलोत १६ लाख अंडी झाली. बहुतेक अंडी आणि पिल्लं मरतात, हे खरं आहे. तरी हजारात एक बोटुकली झाली तर १६०० बोटुकली. त्यातले दहात एक जरी किलोभर वाढले तरी १६० किलो मासा. म्हणजे आपण १६ किलोसाठी १६० किलो मोडून खाल्ला.

आणि रोहू-कटला साठलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून तर पूर्वी बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगूल इथं डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून दाखवली, तेव्हा तलावासाठी बीज तयार करता यायला लागलं. म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आज आपली संस्था पैसे मोजून बोटुकली आणते आणि नदी जे फुकट देते ते आपण बंधाऱ्याखाली मारतो. याचा विचार व्हावा.

मरळीचं तर वेगळंच. तिची तांबूस पिल्लं पाण्यावर झुंडीनं फिरतात आणि खाली नर-मादी राखण करतात. ती जोडी उचलली की पूर्ण झुंड इतर माशांच्या तोंडी जाते.

जिवाचा धोका

बंधाऱ्याचं दार उघडलं की पाणी मिनिटांत वाढतं. ट्यूबवर किंवा थर्माकोलवर बसलेल्या माणसाला काठ गाठायला वेळ मिळत नाही. रात्र, गढूळ पाणी, पायात अडकलेलं जाळं. दोन किलो माशासाठी घरातला कर्ता माणूस जाऊ नये.

मग करायचं काय?

१. चढणीचे पहिले दिवस बंधाऱ्याखाली जाळं टाकू नये. मासेबंदीच्या तारखा मत्स्य खात्याच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात. कर्नाटकच्या समुद्रकिनाऱ्यावर यांत्रिक बोटी १ जून ते ३१ जुलै बंद असतात, तीही माणसं पोटासाठीच मासे धरतात.

२. मच्छरदाणीच्या कापडाचं आणि बारीक फासाचं जाळं वापरू नये.

३. पोट फुगलेली, दाबल्यावर अंडी येणारी मादी जिवंत असेल तर परत सोडावी.

४. गर्दीच्या जागी जायचंच असेल तर पाळी ठरवावी, दिवसाउजेडी जावं, एकट्यानं जाऊ नये. बाहेरच्या माणसाशी भांडू नये, संस्थेला कळवावं.

५. या दिवसांत जाळी विणणं, दुरुस्ती, तलावात बीज सोडण्याची तयारी ही कामं उरकावीत.

ज्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे त्याला "जाऊ नको" म्हणणं सोपं नाही, हे आम्हाला कळतं. म्हणून या दोन महिन्यांत अडचणीतल्या सभासदाला संस्थेकडून उचल देता येईल का, हा विषय बैठकीत घ्यावा असं आम्ही सुचवतो. मासा राखायचा तर माणूसही राखावा लागेल.

आपलं मत खाली जरूर लिहा. आपल्या गावच्या गटातही हा पाठ पुढे पाठवा.

– सचिव