परदेशवासात वस्त्रांची निगा : धुलाई आणि दुरुस्ती

इ. स. १९१२ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले असता जोहान्सबर्ग येथे त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठरली होती. त्या प्रसंगी घ्यावयाचे उपरणे चुरगळले होते आणि ते धोब्याकडे पाठवून वेळेवर परत मिळण्यासारखे नव्हते. गांधीजींनी स्वतः इस्त्री करून देण्याची तयारी दर्शविली. तेव्हा, वकील म्हणून तुमच्यावर भरवसा आहे, धोबी म्हणून नाही, अशा आशयाचे उत्तर गोखल्यांनी दिले. कारण ते उपरणे न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना दिलेले होते, आणि रानडे १९०१ सालीच निवर्तले होते. गांधीजींनी आग्रह धरला, इस्त्री उत्तम केली आणि गोखल्यांची पसंती मिळविली. ही हकीकत गांधीजींनीच आपल्या आत्मकथेत नमूद केली आहे. धोब्याचे बिल परवडेना म्हणून ते पुस्तक आणून धुलाई शिकले होते, आणि प्रथम खळ जास्त झालेली कॉलर घालून न्यायालयात गेले तेव्हा इतर वकिलांच्या थट्टेचा विषय झाले होते, हेही त्यांनी तेथे मोकळेपणाने सांगितले आहे.

या प्रसंगातून घ्यावयाचा बोध असा की, मोलाचे वस्त्र दुसऱ्याच्या हाती देताना ते काय आहे हे गोखल्यांनी आधी सांगितले. आज आपल्या कित्येक सभासदांची मुले, मुली व जावई व्यापार अथवा नोकरीनिमित्त लंडन, लेस्टर, अँटवर्प, न्यू जर्सी किंवा दुबई येथे राहतात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून या विषयाचा थोडा विचार येथे करीत आहोत.

१. चिठ्ठी नसलेले वस्त्र

वाडीत राहणाऱ्यास या गोष्टीचा विचार करावा लागत नाही. परीट, इस्त्रीवाला, शिंपी आणि रफूगार चार पावलांवर असतात. पदर पाहताच जर खरी की खोटी हे त्यांना कळते. परदेशातील दुकानदाराने तसे वस्त्र जन्मात पाहिलेले नसते. तो कापडाला हात लावून पारख करण्याआधी आत शिवलेली चिठ्ठी वाचतो. अमेरिकेत तयार कपड्यांवर निगेची सूचना शिवण्याचा नियम १९७१ साली झाला, आणि युरोपातील खुणांची व्यवस्था पाहणारी ‘जिनेटेक्स’ ही संस्था १९६३ साली पॅरिस येथे स्थापन झाली. आपल्या हातमागावरील साडीस, शालूस व बांधणीस बहुधा अशी चिठ्ठी नसते. अडचणीचे मूळ येथे आहे.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही लेस्टर येथे चिरंजीवांकडे राहिलो होतो. एका लग्नसमारंभानंतर सूनबाईंचे घरचोळे, जे आम्हीच तिला विवाहात दिले होते, ते जवळच्या एका दुकानात ड्रायक्लीनसाठी दिले. चार दिवसांनी ते परत आले तेव्हा कागदासारखे सपाट झालेले होते. बांधणीच्या गाठींमुळे कापडास जो दाणेदार उभार असतो, तो वाफेच्या इस्त्रीने पार नाहीसा केला होता. दुकानदार मात्र समाधानाने म्हणाला, “सुरकुत्या फार होत्या, महत्प्रयासाने सर्व काढल्या.” त्याला काय बोल लावावा? त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मन लावून काम केले होते. बोलावयाचे होते ते आम्ही, आणि आम्ही काहीच बोललो नव्हतो.

२. ‘कोरडी’ धुलाई म्हणजे काय

ड्रायक्लीनिंगमध्ये वस्त्र कोरडे राहत नाही. ते पाण्याऐवजी दुसऱ्या द्रवात भिजविले जाते. न्यूयॉर्कचे शिंपी थॉमस जेनिंग्ज यांना अशा प्रकारच्या धुलाईचे पेटंट १८२१ साली मिळाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये तिचा धंदा म्हणून जम बसला. आरंभी वापरात असलेली खनिज तेले पेट घेत. पुढे विसाव्या शतकात पर्क्लोरोएथिलीन, म्हणजे धंद्यातील भाषेत ‘पर्क’, हा न पेटणारा द्रव सर्वत्र रूढ झाला. तो प्रकृतीस अपायकारक ठरल्याने कॅलिफोर्नियात २०२३ च्या आरंभापासून त्याचा वापर बंद करण्यात आला. इतरत्रही अनेक दुकानांनी निराळे द्रव, अथवा यंत्राने करावयाची सौम्य ओली धुलाई स्वीकारली आहे. म्हणून “आपण कोणत्या द्रवात धुता?” हा प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये.

चिठ्ठीवरील वर्तुळ हे व्यावसायिक धुलाईचे चिन्ह होय. त्यात ‘पी’ हे अक्षर असल्यास पर्क चालते, ‘एफ’ असल्यास केवळ खनिज तेलाच्या जातीचे सौम्य द्रव चालतात, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे व्यावसायिक ओली धुलाई. वर्तुळाखाली एक रेघ असल्यास काम सौम्यपणे करावयाचे, आणि वर्तुळावर फुली असल्यास ड्रायक्लीन करूच नये.

आता डागांविषयी. तूप, तेल व मेण यांचे डाग या द्रवांत सहज विरघळतात. परंतु सरबत, चहा, आमरस यांतील साखर आणि घामातील क्षार त्यांत विरघळत नाहीत. असा डाग वाळल्यावर दिसत नाही. मात्र पुढे इस्त्रीची उष्णता लागली की तांबूस होऊन वर येतो, आणि दुकानदारानेच डाग पाडला असे आपणांस वाटते. हळदीच्या डागास साबण लागताच तो लाल होतो. तो घरी चोळून पक्का करण्यापेक्षा तसाच दाखवावा.

डाग आधी ओळखावा व मग उपाय करावा, या शास्त्राशी बडोद्याचे जुने नाते आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली येथे कलाभवन स्थापन झाले. त्याच्या उभारणीत रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांचा मोठा वाटा होता. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास १८९६ साली चाफेकर बंधूंनी डांबर फासले, तेव्हा तो डाग अखेर गज्जर यांनीच काढला.

३. दुकान कसे शोधावे

इंग्लंड-अमेरिकेत ‘ड्राय क्लीनर्स’ आणि ‘ऑल्टरेशन्स’ या पाट्या पुष्कळदा एकाच दुकानावर आढळतात. परंतु इतर भाषांच्या देशांत पाटी ओळखता आली पाहिजे. फ्रान्समध्ये धुलाईच्या दुकानास ‘प्रेसिंग’ म्हणतात, तर कपडे कमी-जास्त करण्यास ‘रतूश’. जर्मनीत ‘राइनिगुंग’ व ‘एंडरुंग्स-श्नायडराय’ हे शब्द शोधावेत. अँटवर्पच्या बाजूस ‘ड्रोखकाउस’, तर हॉलंडात ‘स्टोमेराय’ म्हणतात. केवळ धुलाई स्वीकारून माल दूरच्या कारखान्यात पाठविणारी दुकानेही असतात. जरीचे वस्त्र असल्यास काम जागेवर होते की बाहेर जाते, हे अवश्य विचारावे.

साडी, शालू किंवा शेरवानीसाठी शक्यतो आपल्या लोकांच्या वस्तीतील दुकान पाहावे. लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड, लंडनमधील साउथहॉल व वेम्बलीचा ईलिंग रोड, न्यू जर्सीतील ओक ट्री रोड, दुबईचा मीना बाजार या ठिकाणी साडीची दुकाने आहेत. तेथे चौकशी केल्यास योग्य कारागिराचा पत्ता लागतो. तथापि पहिल्याच खेपेस मोलाचे वस्त्र देऊ नये. एखादा साधा सदरा देऊन काम पाहावे. नमुना पाहून सौदा करावा, ही आपली पेढीवरची रीत येथेही लागू आहे.

४. शिंप्याचे काम

परदेशात मजुरी महाग असते. विजारीची उंची कमी करण्यास कित्येकदा विजारीच्या किमतीच्या मानाने फार पैसे पडतात. यास्तव जे काम येथे होण्यासारखे आहे ते निघण्यापूर्वीच उरकावे. साड्यांना फॉल-पिको करून न्यावे. पोलक्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवण्यास शिंप्यास बजावावे. माया असली तर परदेशातील शिंपी उसवून सैल करू शकतो, नसली तर त्याचाही नाइलाज होतो. प्रत्येक पोलक्याच्या कापडाचा वीतभर तुकडा, त्याच रंगाचा दोरा आणि जादा बटणे एका पिशवीत घालून द्यावीत. मुलामुलींना टाका घालणे, बटण लावणे व उसवलेली शिवण धरणे एवढे तरी शिकवून पाठवावे. श्रीमती महाराणी चिमणाबाईंच्या नावाने १९१४ साली स्थापन झालेल्या स्त्री उद्योगालयामुळे या शहरात शिवणकलेच्या शिक्षणाची परंपरा आहेच. आता मुलग्यांनीही ती कला हीन मानू नये.

शिंप्याकडे जाताना जे जोडे घालावयाचे तेच पायांत असावेत, म्हणजे उंचीचे माप चुकत नाही. कापड कापण्यापूर्वी टाचण्या लावून आरशात पाहावे, आणि जादा कापड न कापता आत दुमडण्यास सांगावे.

५. देताना व घेताना

देताना पुढील गोष्टी सांगाव्यात : कापड रेशमी की कृत्रिम, जर खरी की खोटी, डाग कोठे व कशाचा, खडे अथवा टिकल्या टाक्यांनी लावल्या आहेत की गोंदाने, कारण गोंद व काही जातींच्या टिकल्या द्रवात विरघळतात, आणि इस्त्री कोठे करू नये. सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे. पावतीवर केवळ ‘एक नग’ न लिहविता वस्त्राचे वर्णन, आधीचे दोष व किंमत लिहवून घ्यावी. परत घेताना दुकानातच, उजेडात, घडी मोडून पाहावे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यान्वये सेवा वाजवी काळजीने व कौशल्याने देण्याचे बंधन आहे, आणि तसे न झाल्यास काम पुन्हा करून देण्याची अथवा किंमत कमी करण्याची मागणी करता येते. परंतु आपण काही सांगितलेच नसेल, तर दाद मागताना आपली बाजू लंगडी पडते. घरी आणल्यावर प्लॅस्टिकचे आवरण काढून वस्त्र हवेशीर जागी ठेवावे, आणि मग सुती कापडात गुंडाळावे.

आमच्या सूनबाईंनी त्यानंतर एक उपाय केला. आपल्या प्रत्येक रेशमी वस्त्राच्या आतल्या काठास तिने सुती पट्टी टाचली असून तिच्यावर कापडाचा प्रकार, जरीची जात व ‘इस्त्री दाबू नये’ ही सूचना इंग्रजीत लिहिली आहे. घरचोळ्याचे ठिपके राहिले, उभार गेला तो गेला. तरी तेही तिने टाकलेले नाही, आणि त्यासही पट्टी आहे.

हे पाहून आमच्या मनात आले की, हे काम खरे म्हणजे विकणाऱ्याचे होते. आपल्या संघात वस्त्रव्यापारी पुष्कळ आहेत. मालाचा गुण आणि मालाची मर्यादा दोन्ही सांगून विकणे यातच पेढीची पत आहे, असे आपण मानतो. मग परदेशी जाणाऱ्या गिऱ्हाइकास साडी देताना तिच्यासोबत चार ओळींची चिठ्ठी देण्यास कितीसा खर्च येणार? दूरदेशीचा कोणी अनोळखी कारागीर ती वाचील, आणि कोणाच्या तरी आईने दिलेले वस्त्र त्याच्या हातून सुखरूप परत येईल.