पहिलं वर्ष कानाचं

एप्रिल उजाडला की फोन यायला लागतात. "मॅडम, मुलीला व्हायोलिन शिकायचंय. सुट्टीच्या दोन महिन्यांत बेसिक होईल ना?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो. पोहायला दोन महिन्यांत येतं, कीबोर्डवर तेवढ्यात एखादं गाणंही बसतं. व्हायोलिनचं तसं होत नाही. ते का होत नाही, हे घरच्यांना आधी कळलं तर मुलाचं शिकणं टिकतं आणि नाही कळलं तर दिवाळीपर्यंत व्हायोलिनची पेटी कपाटावर जाते. म्हणून पालकहो, हे बोलणं मुलांशी नाही, तुमच्याशी आहे.

हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. सतारीला, गिटारला पडदे असतात, बोट कुठे ठेवायचं ते वाद्यच सांगतं. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर कसलीही खूण नसते. बोट केसभर पुढे गेलं की सूर चढतो, केसभर मागे राहिलं की उतरतो आणि मुलांच्या छोट्या व्हायोलिनवर दोन सुरांमधलं अंतर आणखीच कमी. बरोबर जागा सांगणारा एकच, तो म्हणजे कान. कानात सूर पक्का नसेल तर त्यानं बोटाला सांगायचं तरी काय? पहिलं वर्ष कानाचं असतं, बोटांची पाळी त्यानंतर येते. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण या क्रमाला अपवाद पाहिलेला नाही.

आपल्याकडचं व्हायोलिन तर गाण्याच्या अंगाखांद्यावरच वाढलं. गजाननबुवा जोशी ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले गवई आणि तितक्याच तोलाचे व्हायोलिनवादक. पंडित डी. के. दातारांच्या वाजवण्याला जाणकार गायकी अंगाचं म्हणतात, कारण ते ऐकताना कुणी गातंय असंच वाटत राहतं. डॉ. एन. राजम् कर्नाटक संगीताच्या घरातल्या, पण त्यांनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांसारख्या गवयाकडून तालीम घेतली आणि ते गाणं तारेवर आणलं. प्रभाकर जोगांनी सुधीर फडक्यांचे सहायक म्हणून अनेक वर्षं काम केलं. त्यांचा 'गाणारं व्हायोलिन' कार्यक्रम तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी ऐकला असेल. ते भावगीत वाजवत तेव्हा चाल तर ओळखू यायचीच, शब्दसुद्धा ऐकू आल्यासारखे वाटायचे. ही सगळी माणसं आधी गाणं जाणणारी होती.

तेव्हा व्हायोलिन विकत घेण्याच्या आधी दोन-तीन महिने घरात गाणं होऊ द्या. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि मुलाबरोबर पाच-दहा मिनिटं 'सा' लावून बसा. "आमचा आवाज बेसूर आहे हो," असं अनेक आया सांगतात. हरकत नाही. तुम्ही गुणगुणा, मूल तानपुऱ्याशी जुळवून घेईल. मुलाला मैफलीला न्या, पहिल्या रांगेत बसवा, मध्येच झोप लागली तर झोपू द्या. जपानचे शिनिची सुझुकी यांनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवायची पद्धत उभी केली, तिचा पायाच हा आहे. मूल बोलायला शिकतं ते घरात सतत कानावर पडणाऱ्या भाषेतून, मग संगीतही तसंच शिकवावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पद्धतीत आईनं किंवा वडिलांनी आधी स्वतः व्हायोलिन हातात घेऊन एखादी सोपी धून शिकायची असते. मूल ते बघतं, ऐकतं आणि मग आपणहून मागतं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. आपण मुलाला क्लासच्या दारात सोडून भाजी आणायला जातो, त्याऐवजी तासभर आत बसून ऐकलं तर घरी रियाजाच्या वेळी काय चाललंय ते आपल्यालाही कळेल.

एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. हिंदुस्थानी पद्धत की पाश्चात्त्य? वाद्य एकच, पण बैठक, तारा मिळवणं, गज धरण्याची सवय, सगळं वेगळं. हिंदुस्थानीत मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवायचं. म्हणजे वाद्य पेलायचं काम डाव्या हाताला उरत नाही आणि तो मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायला, मोकळा राहतो. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीवर बसून वाद्य खांदा आणि हनुवटीत धरतात, तारा जी, डी, ए, ई अशा मिळवतात आणि नोटेशन वाचून वाजवतात. दोन्ही थोर परंपरा आहेत. घरात कुठलं संगीत वाजतं आणि मुलाला कशानं आनंद होतो, यावर ठरवा. जवळचा क्लास कोणता, यावर ठरवू नका.

आता खरेदी. व्हायोलिन मुलाच्या मापाचं लागतं. फुल साइजखाली थ्री-फोर्थ, हाफ, क्वार्टर, वन-एट्थ, वन-सिक्स्टीन्थ अशी मापं मिळतात. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात पुढे लांब करायला सांगा. हाताचा पंजा वाद्याच्या टोकाला सहज वळसा घालू शकला आणि कोपर थोडं वाकलेलं राहिलं, तर माप बरोबर. हात ताठ होत असेल तर एक माप खाली या. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसं इथे करू नका. मोठ्या व्हायोलिनवर चौथं बोट पोचत नाही, मूल मनगट मुरगाळून ते पोचवतं आणि ती सवय पुढे काही केल्या जात नाही. छोटं वाद्य वर्ष-दोन वर्षांत बदलावं लागतं, म्हणून शक्य तर वापरलेलं घ्या किंवा भाड्यानं मिळतंय का बघा. ऑनलाइन मागवलंत तर घरी लगेच वाजवायला बसू नका, आधी शिक्षकांकडे न्या. खोक्यात पुष्कळदा घोडी, म्हणजे तारांखालचा लाकडी आधार, आडवी पडलेली असते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावरच उभी राहते. आतमध्ये एक छोटी लाकडी दांडी असते, तीही अशीच दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर ती पडू शकते आणि मग कारागिराकडे धाव घ्यावी लागते. तारा बदलायच्या तर एकेक करून बदला.

पहिल्याच दिवशी आणखी एक घोटाळा होतो. नवा गज तारेवर फिरवला तर आवाजच निघत नाही. वाद्य खराब निघालं, असं वाटून घरातले खट्टू होतात. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात आणि रोझिन, म्हणजे राळेची वडी, त्यांवर घासल्याशिवाय ते तारेला पकडत नाहीत. नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते. बारीक सँडपेपरनं तिचा तुकतुकीत थर थोडा खरवडा, मग गज तिच्यावर सावकाश वरखाली घासा. पहिल्यांदा बरीच मिनिटं लागतात. केसांना बोट लावू नका, घामाचं तेल बसलं की तिथे पकड राहत नाही. वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करायचा, हे मात्र मुलाचं काम. ते त्यालाच करू द्या.

आणि आता त्या आवाजाबद्दल. पहिले काही महिने घरात खरखर, किरकिर ऐकू येणार आहे. त्याचं कारण समजून घ्या. राळ लागलेले केस तारेला धरून ओढतात, तार निसटते, पुन्हा धरतात, पुन्हा निसटते. पाश्चात्त्य पद्धतीनं मिळवलेल्या ए तारेवर ही पकड-सोड सेकंदाला 440 वेळा होते. गजावर दाब जास्त पडला किंवा गज फार हळू ओढला तर तारेला वेळेवर सुटता येत नाही आणि सूर घोगरा, कर्कश होतो. दाब फारच कमी पडला तर नुसती सिसकारी येते. दाब, वेग आणि गज घोडीपासून किती लांब फिरतोय, या तिन्हींचा मेळ सहा-सात वर्षांच्या उजव्या हातानं घालायचा असतो. तो कर्कश आवाज म्हणजे चूक नव्हे, हात शिकत असल्याचा आवाज आहे तो. त्या वेळी आजोबा हसत "मांजर कोण घेऊन आलं रे घरात?" म्हणाले की मूल आवाज लपवायला बघतं. गज हलका, भीत भीत फिरवतं, आणि भरीव सूर मग कधीच लागत नाही. वर्गात असा लपवलेला आवाज ऐकला की घरी काय झालं असेल, ते मला न सांगता कळतं. कृपा करून घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा.

पाहुण्यांचंही तसंच. "काका आलेत, व्हायोलिन वाजवून दाखव बरं!" यात प्रेम असतं, मान्य. पण मूल अजून फक्त मोकळ्या तारा वाजवत असतं. काकांना गाणं हवं असतं, मुलाकडे गाणं नसतं. ती दोन मिनिटं त्याला फार जड जातात. पहिलं वर्षभर तरी ही फर्माईश नको. मूल आपणहून पेटी उघडून बसलं तर गोष्ट वेगळी.

रियाज रोजचा हवा आणि थोडका हवा. लहान मुलांना दहा-पंधरा मिनिटं पुरेत. रविवारी दीड तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. त्या दहा मिनिटांत तुमच्याकडे दोन कामं आहेत. पहिलं, तारा मिळवून देणं. सात वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. न मिळवलेल्या वाद्यावर महिनाभर रियाज झाला तर कान खोट्या सुरालाच खरा समजायला लागतो. क्लासमध्ये शिक्षकांकडून खुंटी पिळायला शिकून घ्या. खुंटी आत दाबत, अगदी थोडी फिरवायची. सर्वांत बारीक तार पटकन तुटते, तिला खालच्या छोट्या फाइन ट्यूनरनंच हात लावा. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, कोकणात तर हटकून. उन्हाळ्यात त्याच खुंट्या आपोआप निसटतात. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीत व्हायोलिन विसरू नका.

दुसरं काम बघण्याचं. मुलाच्या डाव्या अंगठ्याकडे बघा. नख पांढरं पडलंय का? मग त्यानं मान, म्हणजे वाद्याचा दांडा, आवळून धरलीय. डावा खांदा कानाकडे चढलाय का? गज धरताना करंगळी सरळ, ताठ झालीय का? "सैल सोड," एवढंच हलक्या आवाजात सांगा आणि पुढच्या वेळी शिक्षकांच्या कानावर घाला. मान किंवा मनगट दुखतंय असं मूल म्हणालं तर त्या दिवशी वाद्य बंद. हे आवळणं व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुलांमध्ये फार दिसतं. पडद्यावरचा गुरू वाजवून दाखवतो, पण तुमच्या मुलाचा अंगठा त्याला दिसत नाही. पूरक म्हणून व्हिडिओ चांगले, सुरुवात मात्र समोर बसलेल्या गुरूकडेच व्हावी.

काही शिक्षक पट्टीवर बारीक चिकटपट्टी लावून बोटांच्या जागा दाखवतात. सुरुवातीला चालेल. पण ती काही महिन्यांत निघाली पाहिजे, नाहीतर मूल डोळ्यांनी वाजवायला लागतं. परीक्षांबद्दलही माझं स्पष्ट मत आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका चांगल्या, पाश्चात्त्य संगीतासाठी ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेडही चांगल्या. त्यांनी अभ्यासाला शिस्त लागते. पण सूर स्थिर होण्याआधी परीक्षेचा फॉर्म भरला की वर्षभर तेवढाच अभ्यासक्रम घोटला जातो आणि कान तिथेच राहतो. शेजारच्या मुलानं दोन परीक्षा दिल्या म्हणून घाई करू नका.

मध्येच मूल म्हणेल, "मला नाही जायचं." रागावण्याआधी विचारून घ्या. व्हायोलिन लहान पडलंय का? बोटं दुखतात का? सर ओरडतात का? शाळेत कुणी चिडवलं का? बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं आणि ते दुरुस्त होतं. वर्षभर नीट संधी देऊनही मन लागत नसेल तर सोडू द्या, आणि वाद्याला किती पैसे पडले हे त्याला कधीही ऐकवू नका. ऐकलेला सूर वाया जात नाही. ते मूल पुढे गाईल, तबला शिकेल किंवा चांगलं ऐकणारं होईल.

तेव्हा माझी एक विनंती आहे. क्लासला नाव घालायला याल तेव्हा "गाणं कधी वाजवेल?" हे विचारू नका. "आम्ही घरी काय ऐकावं?" एवढं विचारा. आणि पहिल्या दिवशी मुलाबरोबर तुम्हीही वर्गात बसा.