मोबाईलवरील खेळ आणि घरातील पासबुक

ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरी येथील एका सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये पबजी या मोबाईलवरील खेळात घालविले. आईवडील रागावले, तेव्हा चिठ्ठी लिहून तो घरातून निघून गेला. पोलिसांना तो अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांच्या परिसरात सुखरूप सापडला. कोंडिविट्याची ही बौद्ध लेणी आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांसह पाहिली असतील.

बातमी वाचून बहुतेकांनी मुलालाच दोष दिला. आम्ही पडलो बँकेतील कारकून. आमच्या मनात प्रश्न आला तो असा, की फुकट मिळणाऱ्या खेळात दहा लाख रुपये जातात तरी कसे? प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

मार्वेहून मनोरीला येताना आपण बोटीचे तिकीट काढतो. एका खेपेचे पैसे दिले की व्यवहार संपला. पूर्वी नाक्यावरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातही तसेच होते. नाणे टाकले तेवढाच खेळ. खिसा रिकामा झाला की स्वारी घरी. पुढे संगणकावर अनेकांनी मिळून खेळावयाचे खेळ आले, त्यांत मासिक वर्गणीची पद्धत होती. २००४ साली निघालेला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा त्यातला प्रसिद्ध खेळ. मुलांसाठी २००५ साली सुरू झालेल्या आणि २०१७ साली बंद पडलेल्या क्लब पेंग्विनमध्येही सभासद-वर्गणी असे. वर्गणी थोडी असो वा फार, महिन्याला किती जाणार हे पालकांना आधी कळत असे.

आता खेळ फुकट आणि दुकान खेळाच्या आत, अशी रीत आहे. त्या दुकानात रुपये चालत नाहीत. पबजीत यूसी, रोब्लॉक्समध्ये रोबक्स, फ्री फायरमध्ये डायमंड असे निरनिराळे चलन विकत घ्यावे लागते. समजा, एक पोशाख ७० नाण्यांचा आहे आणि नाणी मिळतात ६० च्या गठ्ठ्याने. दोन गठ्ठे घ्यावे लागले, ५० नाणी उरली. ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा एक गठ्ठा! रुपयाचे नाणे झाले की त्याची किंमत मुलाच्या डोळ्यांपुढून निघून जाते. मोठ्या माणसांचेही तेच होते, हे आम्ही क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रोज पाहतो.

काही खेळांत बंद पेट्या विकतात. आत काय निघेल ते पैसे दिल्यावर कळणार. ही सरळसरळ सोडतच. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या, ते योग्यच झाले.

पण खरी गोम आहे ती एकत्र खेळण्यात. चौघांच्या संघात तिघांनी नवा पोशाख घेतला की चौथा जुन्या कपड्यांत उघडा पडतो. दिवाळीत चाळीतल्या सगळ्या मुलांना नवे कपडे आणि आपल्यालाच नाहीत, हे दुःख ज्यांनी भोगले आहे त्यांनी या मुलांना हसू नये.

मोठ्या कंपन्याही या बाबतीत धुतल्या तांदळासारख्या नाहीत. एकदा पासवर्ड दिला की पुढील पंधरा मिनिटे पुन्हा न विचारता खरेदी होत असे. या प्रकरणी ॲपलने २०१४ साली अमेरिकेत किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले. फोर्टनाइट काढणाऱ्या एपिक गेम्सवर २०२२ साली फसव्या बटणांबद्दल २४ कोटी ५० लाख डॉलर परत करण्याची पाळी आली.

आपल्याकडे २०२५ साली ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, तेव्हा आता चिंता मिटली असे काही पालक म्हणू लागले. तसे नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्या कायद्याने बंद झाले. पोशाख विकणारे खेळ वेगळे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान मुलाला करार करता येत नाही हे खरे, परंतु फोन आईचा, खाते आईचे आणि पिनही आईचा असेल तर बँकेच्या दप्तरी तो व्यवहार आईचाच ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. म्हणून मुलाला पिन सांगू नये, फोनमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करावी आणि चुकून खरेदी झालीच तर त्याच दिवशी परताव्याचा अर्ज करावा.

मध्यंतरी एक भगिनी आमच्या काउंटरवर पासबुक भरून घेण्यास आल्या. ८९, १५९, ४४९ अशा लहान रकमांनी दोन पाने भरली. सोबत सातवीतला मुलगा होता. त्या चिडल्या होत्या, पण जोगेश्वरीची हकीकत आम्ही सांगितल्यावर बाकावर बसल्या आणि मुलालाच पेन्सिल देऊन बेरीज करावयास लावली. पाचशे-सहाशे गेले असतील असे तो म्हणत होता. बेरीज ६,३४० आली. त्याने ती पुन्हा एकदा करून पाहिली.