थंडीतले ताड ओळखावे कसे?

माड, पोफळ, ताड, शिंदी म्हटले की आपल्याला उष्ण प्रदेश आठवतो. परंतु याच कुळातील काही झाडे कडक थंडीच्या देशांतही घराच्या बागेत वाढतात. इंग्लंड-इटलीतील बागांत ती पुष्कळ दिसतात. अडचण अशी, की त्यांची रोपे दिसायला सारखी असतात. आणि चुकीचे रोप लावले तर एखाद्या कडक हिवाळ्यात ते दगावते.

असे का होते? आंब्याची फांदी मोडली तर बाजूच्या डोळ्यातून नवी फूट येते. ताडकुळातील बहुतेक झाडांच्या खोडाला मात्र शेंड्यावर एकच कोंब असतो. नवी पाने तेथूनच येतात. नुसती पाने करपली तर झाड सावरते. पण कोंब गोठून मेला की ते खोड संपले!

आता पंख्यासारख्या पानांच्या तीन जाती पाहू.

पहिली, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. ही मूळची चीनकडची. चहाची रोपे चीनमधून भारतात आणणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४९ साली हिची रोपे इंग्लंडला पाठवली. त्याचेच नाव तिला मिळाले. चांगले मूळ धरलेले झाड शून्याखाली सुमारे १५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी थोडा वेळ सोसते. दुसरी, भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील कॅमेरॉप्स ह्युमिलिस. ही सुमारे उणे १० अंशांपर्यंत टिकते. तिसरी, ट्रॅकिकार्पस मार्टियानस. ही नेपाळात आणि आपल्या मेघालयातील खासी टेकड्यांवर आढळते. डोंगरातली असली तरी तिघींत नाजूक हीच.

या ओळखायच्या कशा? उंची आणि पानांचा आकार यांवर विसंबू नये. सावलीत पाने लांब होतात, कोरड्या जमिनीत खुजी राहतात. वयाने व परिस्थितीने न बदलणारी लक्षणे शोधली पाहिजेत.

१. पानाचा देठ : कॅमेरॉप्सच्या देठाच्या कडांना टोकदार, टोचणारे काटे असतात. ट्रॅकिकार्पसच्या देठावर फक्त बारीक दाते असतात. बोट फिरवल्यास खरखरीत लागते, इतकेच.

२. खोडांची संख्या : कॅमेरॉप्सला बुंध्यापासून नवे फुटवे येऊन बेट तयार होते. त्यामुळे एक खोड मेले तरी दुसरे वाढू शकते. ट्रॅकिकार्पसचे खोड एकच. पण सावध! एका कुंडीत तीन रोपे लावली तरी बेटासारखे दिसते. म्हणून देठ पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

३. खोडावरचे तंतू : फॉर्च्युनीचे खोड तपकिरी काथ्यासारख्या तंतूंनी झाकलेले असते, मार्टियानसचे बरेचसे उघडे. मात्र काही माळी हे तंतू सोलून काढतात, आणि लहान रोपाला तर खोडच नसते.

४. बी : फॉर्च्युनीचे बी मूत्रपिंडाच्या आकाराचे, तर मार्टियानसचे लांबट गोल, कॉफीच्या बीसारखे खाच असलेले. माळ्याची कात्री किंवा हवामान बियांचा आकार बदलू शकत नाही. म्हणून या दोघींत निवाडा करताना बी हाच भक्कम पुरावा.

यावरून एक नियम ध्यानात येईल : एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नये, आणि सगळी लक्षणे सारख्या वजनाची मानू नयेत. आपल्याकडच्या ताडाच्या देठालाही करवतीसारखे दाते असतात. म्हणून काही तो कॅमेरॉप्स ठरत नाही!

करून पहा : तुमच्या गावातील माड, ताड व शिंदी यांचे पान, देठ, खोड आणि बी यांचे निरीक्षण करून तक्ता तयार करा. त्यांतील कोणती लक्षणे रोपावस्थेतही उपयोगी पडतील? वर्गात चर्चा करा.