गाडीच्या दाराखालचा गंज : झाकायचा की काढायचा?



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय. विषय आमच्या घरच्या जुन्या सुमोचा आहे, पण तो माझ्या चौथीच्या वर्गात कसा येऊन पोचला आणि तिथून मला काय शिकवून गेला, ते सांगायचं आहे. शेवटी वर्गात करता येईल असा एक सोपा प्रयोगही दिला आहे.

गोष्ट कुठून सुरू झाली

बाबांची टाटा सुमो २००६ सालची. (मुलांना सांगायला एक छान माहिती: १९९४ मध्ये आलेल्या या गाडीचं नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून पडलं. सुमंतमधला ‘सु’ आणि मुळगावकरमधला ‘मो’, कारण इंग्रजीत त्यांचं आडनाव तसं लिहितात.) आमचं घर नागपुरात, नाग नदीपासून फार लांब नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. चार-एक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. आमची सुमो दारांच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर आम्ही गाडी धुतली, आतल्या मॅट वाळवल्या, इंजिन तपासून घेतलं. गाडी सुरू झाली, म्हणून सगळे खूश.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत गाडी पुसताना मला ड्रायव्हरच्या दाराखाली रंगावर फोड दिसले. पुरीवर येतात ना, तसे. एक फोड बोटाने दाबला तर रंगाची टिकली निघून आली आणि मागे भोक! आत लालसर भुगा.

आता बाबांना गाडी विकायची होती. सावनेरकडचे एक ओळखीचे शेतकरी घेणार होते. शेतीची कामं आणि घरच्या मुलांना शाळेत सोडणं, दोन्ही तिच्यावरच होणार होतं.

गॅरेजमधल्या डेंटरदादांनी खाली वाकून पाहिलं आणि सरळ दोन पर्याय सांगितले. “मॅडम, झाकाचं असंन तं अर्ध्या दिवसात देतो. लांबी भरतो, काळा रंग मारतो, वरून पट्टी लावतो. कापाचं असंन तं तीन-चार दिवस गाडी ठेवा लागते.” खर्चात तिप्पट फरक होता.

बाबा म्हणाले, “अगं, विकायचीच तर आहे. कोण वाकून पाहतं खाली?”

मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा झाकणंच सोयीचं वाटलं होतं.

हा भाग नेमका कोणता?

पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, दारांच्या खाली, गाडीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची एक लांब पोकळ पेटी असते. इंग्रजीत तिला रॉकर पॅनेल किंवा साइड सिल म्हणतात. आपण तिला दाराखालचा पत्रा म्हणू. बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे वेल्डिंगने जोडून ही पेटी बनते. तिच्या तळाला छोटी भोकं असतात. ती कारखान्यातून मुद्दाम ठेवलेली असतात, आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून.

सुमो, बोलेरो अशा गाड्यांमध्ये खाली लोखंडी चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. त्यामुळे गाडीचं सगळं वजन या पेटीवर नसतं. पण गाडीची फरशी आणि दाराच्या खांबाचा पाया तिच्याच आधाराने असतो. बाजूने धडक बसली तर आत बसलेल्यांसाठी तीच पहिली आड असते. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चासी नसते. तिथे तर ही पेटी वजनाचा मोठा वाटा उचलते, म्हणून तिथला गंज आणखी धोक्याचा.

गंज इथेच का येतो?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. दोघांपैकी एकाला दूर ठेवलं तर गंज थांबतो. रंगाचं काम तेवढंच, दोघांनाही पत्र्यापर्यंत पोचू न देणं. पण चाकं सतत गिट्टी आणि चिखल फेकत असतात, त्याने रंगाचे टवके उडतात. दुसरीकडे, काचेच्या फटीतून आणि दारातून झिरपलेलं पाणी पेटीत उतरतं. तळाची भोकं चिखलाने बुजली की ते आतच थांबतं. आमच्या गाडीत पुराचा गाळ आत जाऊन बसला होता. आम्ही बाहेरून गाडी चकचकीत धुतली, पण पेटीच्या आत पाण्याचा पाइप घालायचं कुणालाच सुचलं नाही. ओला गाळ महिनोन् महिने पत्र्याला चिकटून राहिला.

आणखी एक गोष्ट. तांब्यावर हिरवट थर येतो, ॲल्युमिनियमवरही एक पातळ थर तयार होतो. हे थर घट्ट असतात आणि खालच्या धातूला सांभाळतात. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो. आणि तो स्पंजसारखा ओल धरतो, म्हणून खालचं लोखंडही खात जातो. थोडक्यात, बाहेर फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

मुलांना हे सांगताना मी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची जुनी भट्टी सापडली आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, शिळावर्तुळं उभारणारी माणसं इथे खनिजापासून लोखंड काढत होती. लोखंडाचं खनिज म्हणजे काय, तर लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. भट्टीत कोळशाच्या मदतीने त्यांना वेगळं करावं लागतं. गंज म्हणजे लोखंडाने पुन्हा ऑक्सिजनशी जोडी जमवणं, मातीकडे परत जाणं! माणूस मेहनतीने त्याला बाहेर काढतो आणि ते संधी मिळाली की परत निघतं.

वर्गातला प्रयोग

सुट्टीनंतर शाळा भरली. माझ्या डोक्यात सुमोच होती, म्हणून वर्गात खिळ्यांचा प्रयोग घेतला. जस्ताचा मुलामा नसलेले साधे खिळे साबणाने धुऊन, पुसून घ्या. सहा काचेच्या बाटल्या लागतील.

१. कोरडी बाटली, घट्ट झाकण, आत बुटांच्या खोक्यात मिळते ती ओलावा शोषणारी पुडी.
२. खिळा साध्या पाण्यात अर्धा बुडालेला.
३. उकळून गार केलेलं पाणी, खिळा पूर्ण बुडालेला, वर तेलाचा थर.
४. खिळा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडालेला.
५. स्वच्छ खिळ्याला नेलपॉलिशचे दोन हात देऊन, वाळवून, साध्या पाण्यात.
६. आधीच गंजलेला खिळा, गंज न काढता त्यालाही नेलपॉलिशचे दोन हात, साध्या पाण्यात.

पहिल्या चार बाटल्या आपण नेहमीच करतो. पाचवी आणि सहावी मी यंदा वाढवली. पहिल्या दिवशी मुलांना विचारलं, “पाच आणि सहामध्ये कोणता खिळा नवा?” दोन्ही लाल चकचकीत. अर्ध्या वर्गाने चूक सांगितलं.

तीन आठवड्यांत मुलांनी रोज निरीक्षण वहीत लिहिलं. पहिला आणि तिसरा खिळा जवळपास तसाच. दुसरा गंजला, चौथा त्याहून जास्त. पाचवा टोकाशी किंचित तांबूस, बाकी चांगला. सहाव्याचं नेलपॉलिश जागोजागी उचललं गेलं आणि खालून तपकिरी पाणी आलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा बाटली डोळ्याजवळ धरून म्हणाला, “मॅडम, याले तं आतून खाऊन राहिलं नं! वरून रंग लावून काय फायदा?”

त्या संध्याकाळी मी ती सहावी बाटली घरी नेली आणि बाबांसमोर टेबलावर ठेवली. मुलाचं वाक्यही सांगितलं. बाबा बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “त्यांची पोरं बसणार आहेत ना तिच्यात. कापूनच घेऊ.”

झाकणं आणि दुरुस्ती : फरक काय

गॅरेजमध्ये मी स्वतः उभी राहून पाहिलं आणि विचारून घेतलं, ते असं.

लांबी म्हणजे पत्र्यावरचा खड्डा समतल करायचा लेप. चांगल्या पत्र्यावर पातळ थर द्यायला ती ठीक आहे. भोक बुजवायला वापरली तर ती ओल शोषते आणि काही दिवसांत कडेने सुटते. गंजावर डांबरी कोटिंग मारलं तर ओल आतच कोंडते. वरून रिव्हेटने पट्टी ठोकली तर पट्टी आणि पत्रा यांच्या मध्ये पाणी धरणारी नवी फट तयार होते. तीनही उपायांत गाडी छान दिसते आणि गंज निवांत वाढतो.

पण प्रत्येक डागाला कटर लावायची गरज नसते. डाग वरवरचा असेल, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पत्रा टणक लागत असेल, तर गंज घासून काढायचा, गंजावरचं रसायन लावायचं (यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं), मग प्रायमर आणि रंग. टोचल्यावर पत्रा दबला किंवा भोक पडलं, तर मात्र कापणं आलंच.

आमच्या गाडीचं काम असं झालं. आधी बॅटरीची वायर काढली. सीट आणि आतली मॅट बाहेर घेतली, कारण वेल्डिंगच्या ठिणगीने ती पेटू शकते. मग गंजका भाग कापला. मला वाटलं होतं वीतभर कापतील, पण दादा कापतच गेले. विचारलं तर म्हणाले, “चांगला पत्रा लागेपर्यंत मागं जा लागते. सडक्या पत्र्यावर वेल्डिंग धरतच नाही.” आतून ओंजळभर वाळलेला गाळ निघाला. नाग नदीचाच, दोन वर्षांपूर्वीचा.

पेटी आतून ब्रशने घासली. तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वाकवून बसवला. वेल्डिंग सलग न करता थोडं इथे, थोडं तिथे असं केलं, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकत नाही. मधेमधे दार लावून पाहिलं, कारण पेटी हलली तर दार नीट बसत नाही. मग जोड घासून प्रायमर, सांध्यांना सीलंट, अगदी पातळ लांबी आणि रंग. सगळं गार झाल्यावर पेटीच्या आत मेणासारखं गंजरोधक फवारलं. तळाची भोकं मोकळी आहेत ना, हे शेवटी तारेने तपासलं. (वेल्डिंग चालू असताना मुलांना जवळ उभं करू नका. त्या उजेडाने डोळ्यांना इजा होते.)

पालकांसाठी एक सूचना. जुनी गाडी घेताना फ्रिजवरचं चुंबक पातळ कापडात गुंडाळून दाराखालच्या पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर असू शकतो. मुलांना सोबत न्या, त्यांना हे काम फार आवडतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. त्याआधी एकदा खाली वाकून पाहिलेलं बरं.

आणि माझ्या वर्गातली लांबी

दादांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. हातच्याची वजाबाकी तिला येत नव्हती. मी तिच्याकडून तीच ती उदाहरणं करून घ्यायचे. घटक चाचणीत तशीच उदाहरणं आली, गुण मिळाले, पालकही खूश. पण आकडे बदलले की सगळं कोसळायचं. ती लांबी मीच भरली होती.

डिसेंबरमध्ये मी मागे जायला लागले. तिसरीची वजाबाकी नाही. दुसरीचं दशक-एकक, तेही डगमगतं. शेवटी दहा काड्यांचा गठ्ठा सोडून सुटं करणं, तिथे तिचा पाया पक्का लागला. तिथून रोज १५ मिनिटं काड्या घेऊन बसलो. वेळ लागला. संक्रांतीनंतर एक दिवस ५०२ मधून १८७ वजा करून तिने पाटी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, “शून्याकडून कसं घेतलं, ते सांगू का मॅडम?”

सुमो सावनेरला गेली. देताना बाबांनी स्वतःहून खाली वाकून नवा पत्रा कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवलं आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी होती हेही सांगितलं. घेणाऱ्यांनी थोडी किंमत कमी करून मागितली. बाबांनी दिली.

तुम्ही हा प्रयोग घेतलात तर सहावी बाटली नक्की ठेवा. आणि तुमच्या वर्गात लांबी कुठे भरली गेली आहे, मागे कुठपर्यंत जावं लागलं, तेही जरूर कळवा.