‘मधली जागा’ : एका हवाईयन अनुबोधपटाचे भाषिक वाचन

डीन हेमर आणि जो विल्सन यांचा ‘अ प्लेस इन द मिडल’ (२०१५) हा सुमारे २५ मिनिटांचा अनुबोधपट त्यांच्याच ‘कुमु हिना’ (२०१४) या दीर्घपटातून सिद्ध झाला. दीर्घपटाच्या केंद्रस्थानी हिनालेइमोआना वाँग-कालू आहेत. त्या हवाईच्या मूळनिवासी, पारलिंगी, हुला-नृत्याच्या गुरू आणि गीतकार. लघुपटात निवेदनाची दृष्टी एका शाळकरी मुलीकडे सोपविली आहे. मुलग्यांच्या हुला-पथकाचे नेतृत्व तिला हवे आहे. येथे हिना चरित्रविषय न राहता परंपरेच्या दात्या होतात. संक्षेपाने आशयाचे गुरुत्वकेंद्रच हलविले, असे म्हणावे लागते.

पटाचा कळीचा शब्द ‘माहू’ हा आहे. स्त्रीत्व व पुरुषत्व या दोहोंच्या मध्ये असणारी व्यक्ती, असा त्याचा अर्थ पटात उलगडतो. १८२० मध्ये मिशनरी आले, हुला निंद्य ठरली. १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषाही हद्दपार झाली. शब्दाला अवकळा आली ती या ओघात.

मराठीत ‘माहू’साठी ‘तृतीयपंथी’ योजावा काय? ‘तृतीय’ ही दोन गणून झाल्यानंतरची संख्या आहे; ‘माहू’त गणना नाही, स्थान आहे. ‘मधला’ म्हणावे तर ‘मधली सून’ निर्दोष, पण ‘अधलामधला’ म्हणताच हेटाळणी येते. (‘मध्यस्थ’ला प्रतिष्ठा आहे, पण ती तंटा मिटविणाऱ्याची!) व्याकरणाची अडचण याहून मोठी. हवाईयनमधील ‘इआ’ हे तृतीयपुरुषी सर्वनाम लिंगनिरपेक्ष आहे. मराठीत ‘त्या गातात’मधील क्रियापद आदरार्थी बहुवचनामुळे तटस्थ राहते, भूतकाळात मात्र ‘गायल्या’ की ‘गायले’ हा निर्णय टळत नाही. तिसरे लिंग मराठीला आहे खरे, परंतु त्याचे नावच ‘नपुंसक’. हिना स्वतःला स्त्री म्हणूनही मांडतात, म्हणून येथे स्त्रीलिंगी रूपे स्वीकारली आहेत. त्या मुलीच्या बाबतीत मात्र हा आधार अपुरा पडतो.

हिनांच्या गानाचा विचार केवळ लिंगभावापुरता करणे अन्यायाचे होईल. त्यांनी २००७ मध्ये रचलेले ‘कू हाआहेओ’ हे गीत २०१९ मध्ये माउना केआ पर्वतावरील दुर्बीण-प्रकल्पाच्या विरोधात जमलेल्यांनी सामूहिकरीत्या गायिले. भूमी, भाषा आणि देह यांवरील हक्काचा एकच स्वर तेथे ऐकू येतो.

लघुपटातील एका प्रसंगी मुलांना एक माळ मिळते, मुलींना दुसरी. त्या मुलीच्या गळ्यात हिना दोन्ही घालतात.