कचेरीतला विश्वास : सुरत महानगरपालिका आणि आपण
(द्वितीय वर्ष, कला)

लोकप्रशासनाच्या पुस्तकात 'अधिकारप्रदान' या विषयाला जेमतेम दोन पाने मिळतात. व्याख्या, चार फायदे, तीन तोटे. परीक्षेपुरते काम भागते. परंतु वरिष्ठाने आपल्या हातातील सही खालच्या माणसाच्या हाती सोपवली, तर प्रत्यक्ष कचेरीत काय घडते, हे त्या दोन पानांतून कळत नाही. ते कळण्यासाठी सुरत महानगरपालिकेचे उदाहरण फार उपयोगी आहे. सुरत गुजरातेत असली, तरी खानदेशातील हजारो कुटुंबे तेथे यंत्रमागावर पोट भरतात, तेव्हा ते शहर आपल्याला अगदीच परके नाही.

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली. थोड्या दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. तुंबलेली गटारे आणि कचऱ्याचे ढीग यांच्यासाठी सुरतेचे नाव जगभर झाले. महानगरपालिकेत त्या वेळी झाडूवाले, सॅनिटरी इन्स्पेक्टर, अभियंते, डॉक्टर, सर्व होते. कायदाही होता. मे 1995 मध्ये श्री. एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि बहुतांशी याच माणसांकडून, याच कायद्याखाली त्यांनी दोनेक वर्षांत शहराचे रूप पालटून दाखविले. मग आधी अडले होते कुठे?

गटाराचे झाकण फुटले असे समजू. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करणार, ते उपअभियंत्याकडे जाणार, तेथून कार्यकारी अभियंत्याकडे, मग लेखा विभागाची हरकत, तिचे उत्तर, आणि शेवटी आयुक्तांची सही. या प्रवासात कोणीही आळशी असण्याची गरज नसते. प्रत्येकाने आपल्यापुरता शेरा मारलेला असतो आणि तरीही झाकण फुटलेलेच राहते. नागरिक विचारायला आला की उत्तर ठरलेले : 'वरून मंजुरी आलेली नाही.' हे वाक्य खोटे नसते, हीच खरी पंचाईत आहे.

श्री. राव यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येकावर एक विभागीय प्रमुख नेमला आणि त्याला प्रशासकीय व आर्थिक बाबतीत जवळजवळ आयुक्तांइतकेच अधिकार दिले. त्यामुळे विभागातील काम विभागातच मंजूर होऊ लागले. अधिकार आला तशी सबबही गेली, कारण आता 'वर' बोट दाखवायला जागाच उरली नाही. अधिकाऱ्यांनी सकाळचा वेळ कचेरीत न बसता रस्त्यावर काढायचा, असा दंडक घातला गेला. 'एसी टू डीसी', म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे, असे त्याला गमतीने म्हटले जाई. आयुक्त स्वतःही फिरत. दुपारी सर्व प्रमुख एकत्र बसत आणि सकाळी पाहिलेल्या अडचणी तेथेच निकालात काढत. पाणीखात्याने बांधकामखात्याला पत्र लिहायचे आणि उत्तराची वाट पाहायची, हा प्रकार त्यामुळे थांबला.

मला यातील महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की विश्वास आधी वरून खाली दिला गेला. आपल्याकडे उलट क्रम असतो. कर्मचाऱ्याने आधी विश्वासास पात्र ठरावे, मग अधिकार देऊ, असे म्हटले जाते. पण अधिकारच नसेल तर पात्रता दाखवायची कशावर? डग्लस मॅक्ग्रेगर यांनी 1960 मध्ये मांडलेले 'एक्स' आणि 'वाय' सिद्धांत आपण पाठ करतो. माणूस मुळातच कामचुकार आहे असे धरून चालणारा वरिष्ठ खाली कामचुकारच तयार करतो, हे त्यातील मर्म सुरतेच्या उदाहरणाने नीट समजते. अर्थात तेथे नुसती पाठ थोपटणे नव्हते. हयगय करणाऱ्यांवर कारवाईही झाली.

एक गोष्ट मात्र खटकते. या कहाणीत आयुक्त आणि विभागीय प्रमुख यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्याविषयी फार थोडे. त्याच्या बाबतीत विश्वास म्हणजे वेळेवर पगार, हातमोजे, आणि हजेरीपटावर खरी हजेरी. झाडलोटीचे काम कंत्राटदाराकडे गेले की हा माणूस साखळीच्या बाहेरच पडतो. त्याचा साहेब कोण, हे त्यालाही सांगता येत नाही.

पुढच्या आयुक्तांच्या काळातही सुरतेची घडी बरीचशी टिकली. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेला पहिला क्रमांक विभागून मिळाला. यावरून नेतृत्व म्हणजे एका कर्तबगार माणसाचा दरारा, एवढेच नसते हे दिसते. त्याने घालून दिलेली रीत त्याच्या बदलीनंतर चालली, तर ते खरे नेतृत्व. आपल्या जिल्हा परिषदांतही याचे एक लहान उदाहरण आहे. प्राथमिक शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या 2017 च्या धोरणानुसार संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. गैरसोय झालेले शिक्षक तेव्हाही होते, नाही असे नाही. पण 'कोणाच्या शब्दाने झाली' या कुजबुजीला पूर्वीइतका वाव राहिला नाही. नियम सर्वांना आधी ठाऊक असणे, हा विश्वासाचा अर्धा पाया आहे.

उरलेला अर्धा अगदी साध्या गोष्टीत असतो. माझे वडील एका ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याचे काम करतात. कोणत्या आळीला किती वेळ पाणी सोडायचे, हे त्यांना नेहमी तोंडी सांगितले जाते. आळीतून तक्रार आली की सांगणारे तेवढे विसरतात आणि जाब वडिलांना द्यावा लागतो. घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे नियमांची पुस्तके चाळण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये असे सांगितले आहे की वरिष्ठाने आदेश सामान्यतः लेखी द्यावा, आणि तोंडी द्यावाच लागला तर तो नंतर लेखी कायम करावा. हे नियम राज्य शासनाच्या नोकरांसाठी आहेत. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्यासाठी नाहीत. पण त्यातील तत्त्व उचलायला कोणत्या सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना अडचण यावी? शंभर पानी वही, तारीख, आळी, वेळ आणि एक सही, एवढाच त्याचा खर्च. गेल्या दिवाळीत मी वडिलांना अशी वही आखून दिली. पहिले तीन रकाने ते रोज भरतात. सहीचा रकाना अजून कोरा आहे.